वर्षाचा चार्ज : सान्तियागो आतित्लान गावाची गोष्ट

स्मरणिका समितीच्या मंडळींनी "काका, तुम्ही इतिहासावर लिहा" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आपल्या सोसायटीचा इतिहास असावा. पण तो सेक्रेटरींनी याच अंकात तपशीलवार लिहिला आहे. पाण्याच्या कनेक्शनपासून कन्व्हेयन्सपर्यंत सगळं त्यात आलंय, त्यात मी आणखी काय भर घालणार? म्हणून मी एका दूरच्या गावाचा इतिहास सांगतो. तो वाचताना मला आपल्या जनरल बॉडीची आठवण का येत होती, ते पुढे कळेलच.

बँकेत असल्यापासून मला परदेशी नाण्यांचा नाद आहे. माझ्या संग्रहात मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाचं २५ सेंतावोचं एक नाणं आहे. तिकडचे लोक त्याला 'चोका' म्हणतात. त्यावर राजा नाही, पुढारी नाही, एका बाईचा चेहरा आहे. डोक्याभोवती ताटाएवढं गोल वेटोळं. ही बाई कोण म्हणून शोधत गेलो, तर ती काल्पनिक नव्हती. कोन्सेप्सियोन रामिरेस हे तिचं नाव, सान्तियागो आतित्लान हे गाव. तरुणपणी तिची निवड झाली आणि १९६० च्या दशकापासून तिचा चेहरा देशभराच्या खिशात खुळखुळतो आहे. २०२१ मध्ये त्या वारल्या. डोक्यावरचं ते वेटोळं म्हणजे दहा मीटरहून लांब विणलेली लाल पट्टी. ती एकावर एक गुंडाळत न्यायची. गावातल्या म्हाताऱ्या बायका सणावारी अजूनही ती बांधतात.

गाव आतित्लान नावाच्या सरोवराच्या दक्षिण काठावर आहे. सरोवर समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर, आणि तीनशे मीटरहून खोल. फार प्राचीन काळी एका प्रचंड ज्वालामुखीचा स्फोट झाला, जमीन खचली आणि त्या खळग्यात पाणी साठलं. भोवती सान पेद्रो, तोलिमान आणि आतित्लान हे तीन ज्वालामुखी पहाऱ्याला बसल्यासारखे. सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपारी दक्षिणेकडच्या किनारपट्टीचा गरम वारा आला की लाटा उसळतात. या वाऱ्याला 'शोकोमिल' म्हणतात, आणि तो माणसांची पापं उडवून नेतो अशी समजूत आहे. होडीवाले मात्र दुपारच्या आत काठ गाठतात. पापं जावोत, होडी राहू दे!

इथले लोक माया वंशाचे, त्सुतुहिल भाषा बोलणारे. त्यांची जुनी राजधानी समोरच्या काठावर सान पेद्रोच्या उतारावर होती. १५२४ मध्ये पेद्रो दे आल्वारादो हा स्पॅनिश सरदार शेजारच्या कक्चिकेल लोकांना हाताशी धरून आला आणि राज्य बुडालं. फंदफितुरी हा काही एकाच देशाचा मक्ता नाही. नंतर १५४७ च्या सुमारास फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी विखुरलेल्या लोकांना आत्ताच्या जागी आणून वसवलं, मोठं चर्च उभं केलं आणि गावाला संत सान्तियागोचं नाव दिलं. देवीसारख्या रोगांनी तोवर निम्म्याहून जास्त माणसं गेली होती.

पाद्री मोजके आणि माणसं हजारो. तेव्हा पाद्र्यांनी स्पेनमधली एक पद्धत आणली, 'कोफ्रादिया', म्हणजे एकेका संताच्या सेवेसाठी गावकऱ्यांचं मंडळ. संताची मूर्ती मंडळाच्या प्रमुखाच्या घरी राहायची. त्याने वर्षभर तिची पूजा, मेणबत्त्या, फुलं, धूप, उत्सवाचं जेवण सगळं स्वखर्चाने करायचं आणि वर्ष संपलं की वाजतगाजत पुढच्याच्या घरी पोचवायची. पगार नाही, भत्ता नाही. उलट घरचं धान्य संपायचं. पण एकेक पायरी चढत जाऊन ज्याने सगळी पदं भूषवली, तो गावचा वडीलधारा ठरायचा. त्याचा शब्द खाली पडत नसे. बायकांनाही यात पद असतं, त्यांना 'तेशेल' म्हणतात. त्यांच्याशिवाय कुठलाच विधी पुरा होत नाही.

या पदाला स्पॅनिशमध्ये शब्द आहे 'कार्गो', म्हणजे ओझं. जहाजावरचा कार्गो तो हाच. आणि बँकेत बदली झाली की आपण 'चार्ज घेतला', 'चार्ज दिला' म्हणतो, तो चार्ज शब्दही त्याच कुळातला. मूळ अर्थ गाडीवर लादलेलं ओझं. पस्तीस वर्षं चार्ज घेतले-दिले, पण शब्दाचा अर्थ मला सान्तियागोने शिकवला.

पाद्र्यांना वाटलं, लोक संतांचे भक्त झाले. झालेही. पण प्रत्येक घरात संताच्या शेजारी आणखी काय काय ठेवलं जातंय, हे त्यांना दिसलं नाही किंवा त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. संत हुआनच्या कोफ्रादियात एक कापडी गाठोडं आहे, त्याला सान मार्तिन म्हणतात. नाव ख्रिस्ती संताचं, पण ते पावसाचं, मक्याचं आणि रानातल्या जनावरांचं दैवत. एक विशिष्ट पुजारीच ते उघडतो. चर्चमध्ये वेदीपुढच्या फरशीत एक छोटं भोक आहे. गुड फ्रायडेला क्रूस त्यात उभा करतात. त्सुतुहिल भाषेत त्या भोकाला 'पृथ्वीची बेंबी' म्हणतात. क्रूस पाद्र्यांचा, बेंबी गावाची.

आता गावाच्या सगळ्यात प्रसिद्ध रहिवाशाकडे वळू. माशिमोन हे त्याचं चालू नाव, आदराने 'रिलाह माम' म्हणजे आदरणीय आजोबा. हा चार फुटांच्या आसपासचा लाकडी पुतळा. डोक्यावर एकावर एक हॅटा, गळ्यात डझनावारी रेशमी रुमाल आणि टाय, तोंडात पेटती सिगार. हात नाहीत. भक्त मेणबत्त्या लावतात, सिगारेटी देतात, दारूची बाटली आणतात आणि सेवेकरी पुतळ्याची मान जरा मागे करून घोटभर त्याच्या तोंडात ओततात. लाकूड 'त्सिते' झाडाचं, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या जातकुळीतलं, तशीच लालभडक फुलं येणारं. त्याच्याच लाल बियांनी तिथले ज्योतिषी कौल लावतात. 'पोपोल वुह' या माया लोकांच्या पुराणग्रंथात देवांनी मक्याच्या माणसाआधी लाकडाची माणसं केली, ती याच झाडाची.

त्याची कथा अशी सांगतात. गावचे पुरुष व्यापारासाठी दूर जात, महिना महिना परत येत नसत. मागे घरात काहीबाही घडतंय म्हणून त्यांनी मंत्रांनी एक राखणदार घडवला. पण कुंपणानेच शेत खाल्लं! राखणदार हवं ते रूप घेई, आणि नवऱ्यांचंच रूप घेऊन घराघरात शिरू लागला. पुरुष परतल्यावर हा प्रकार उघडकीला आला. त्यांनी त्याची मान मुरगाळली, हातपाय तोडले. म्हणून तो बुटका आणि बिनहाताचा. पण फेकून नाही दिला. एवढी ताकद असलेला माणूस वैरी करण्यापेक्षा घरात ठेवलेला बरा, असा हिशेब. आजारपण, प्रवास, कोर्टाची केस, धंद्यातली मंदी, रुसलेली बायको, सगळ्यासाठी लोक त्याच्याकडे येतात. पाद्र्यांनी त्याला येशूचा घात करणारा जूडास ठरवलं. गाव 'बरं' म्हणालं आणि मेणबत्त्या लावत राहिलं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात त्याची खरी गडबड असते. सोमवारी रात्री त्याचे कपडे सरोवरावर नेऊन धुतात, मंगळवारी त्याला नव्याने सजवतात, बुधवारी 'तेलिनेल' नावाचा मानकरी त्याला खांद्यावर घेऊन मिरवत नेतो. त्याआधी तरुण मंडळी ज्वालामुखींमधल्या खिंडीतून किनारपट्टीच्या गरम प्रदेशात उतरून फळं आणतात. कोकोच्या शेंगा, केळी, वास घमघमणारी रानफळं. ती चर्चमध्ये टांगतात. गुड फ्रायडेला येशूच्या पार्थिवाची मिरवणूक चर्चमधून निघते आणि चौकात माशिमोन तिच्या समोर येतो. क्षणभराची भेट, मग आजोबांना झटकन घेऊन जातात. हे दिवस म्हणजे तिथल्या कोरड्या ऋतूचा शेवट. मे महिन्यात पाऊस येतो, पेरण्या होतात. जुनं वर्ष मरून नवं येण्याच्या या सांध्यावर लबाड म्हाताऱ्याचा अंमल असतो, असं अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. मेलेल्या देवाला परत उठवायचं तर जरा अवली माणूसच लागणार.

पेरणी म्हटली की मका. देवांनी चिखलाचा माणूस केला, तो विरघळला. लाकडाचा केला, त्याला कृतज्ञता नव्हती. शेवटी मक्याच्या पिठाचा केला, तो टिकला. ही नुसती पोथीतली गोष्ट नाही. तिन्ही त्रिकाळ घरात मकाच असतो. संध्याकाळी मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात उकळून ठेवतात, सकाळी धुऊन सालं काढतात, पाट्यावर किंवा आता गिरणीत वाटतात आणि हाताने थापून मातीच्या तव्यावर तोर्तिया भाजतात. थापण्याचा टाळ्यांसारखा आवाज सकाळी घराघरातून येतो. आपल्या भाकरी थापणाऱ्या आयाबहिणींना हे वेगळं सांगायला नको. या चुन्यामागे मोठं शास्त्र आहे. मक्यातलं ब-३ जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगी लागत नाही. युरोपियनांनी मका नेला, पण चुना तिथेच ठेवला. परिणाम असा की इटली-स्पेनमध्ये केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना 'पेलाग्रा' नावाचा भयंकर रोग झाला. त्वचा सोलायची, डोकं फिरायचं. अडाणी म्हणून ज्यांना हिणवलं, त्यांच्या स्वयंपाकघरात उत्तर तयार होतं!

मक्याबरोबर काळा घेवडा, भोपळा आणि त्याच्या बिया, मिरची, टोमॅटो. आपल्याकडे उपासाला चालणारे पदार्थ आठवा. बटाटा, रताळं, शेंगदाणा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हिरवी मिरची, राजगिरा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आले नसते तर आपल्या एकादशीला खायला काय होतं, हा प्रश्नच आहे. चिकू तर ग्वाटेमाला-मेक्सिकोच्या जंगलातला, नावासकट तिकडून आलेला.

सान्तियागोचा खास पदार्थ म्हणजे 'पातिन'. सरोवरातले बारके मासे वाळवायचे, भाजलेल्या टोमॅटो-मिरचीच्या दाट रस्सात घालायचे आणि माशान नावाच्या रुंद पानात पुडी बांधायची. शेतावर जाणारा माणूस तोर्तिया आणि पातिनची पुडी घेऊन निघे. सणाला भाजलेल्या मक्याची घट्ट पेज करतात, ती कोफ्रादियाच्या बैठकीत सगळे पितात. पिणं हा विधीचाच भाग, नाही म्हणायचं नसतं.

पातिनवर एक संकट मात्र बाहेरून आलं. १९५८ मध्ये कुणाच्या तरी डोक्यात आलं की या सुंदर सरोवरात पर्यटकांना गळ टाकायला मोठे मासे हवेत. म्हणून उत्तर अमेरिकेतला बास जातीचा मासा सोडला. तो खादाड. बारके मासे आणि खेकडे त्याने फस्त करायला सुरुवात केली. गावकऱ्यांची होड्या-जाळ्यांची मासेमारी उथळ पाण्यातली, तिची अडचण झाली. फक्त याच सरोवरात राहणारा 'पोक' नावाचा पाणपक्षी होता, उडता न येणारा. त्याची पिल्लंही बासने गिळली. पुढे काठची लव्हाळी कमी झाली, १९७६ च्या मोठ्या भूकंपानंतर पाणी उतरलं, आणि १९९० च्या सुमारास पोक जगातून नाहीसा झाला. एका माणसाच्या हौसेला एवढी किंमत. पातिन अजून करतात, पण आत मासा कुठला हे विचारायचं.

मक्याशी जोडलेली आणखी एक समजूत मला फार आवडली. दाणा पेरायचा म्हणजे पुरायचा, माणूस पुरायचा तसाच. आणि कणीस येतं ते त्याच दाण्याचं नवं रूप. म्हणून नातवाला आजोबांचं नाव ठेवतात आणि त्याला 'केशेल' म्हणतात, म्हणजे बदली आलेला माणूस. आजोबा गेले तरी जागा रिकामी राहत नाही. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्यातही होती. आता नातवंडांची नावं गुगलवर शोधतात, तो भाग वेगळा.

हा बदलीचा विचार कोफ्रादियालाही लागू आहे. माणूस बदलतो, चार्ज बदलतो, जागा तीच. पण १९५० च्या सुमारास तिच्यावर दोन बाजूंनी घाव बसले. चर्चच्या नव्या शुद्धीकरणवाल्या मंडळींना माशिमोन डोळ्यांत खुपत होता. १९५० मध्ये बाहेरून आलेल्या एका पाद्र्याने पुतळ्यावर हल्ला केला आणि त्याचा जुना मुखवटा नेला. तो फिरत फिरत पॅरिसच्या मानव संग्रहालयात पोचला. गावाने नवा मुखवटा लावून पूजा चालू ठेवली. जुना १९७९ मध्ये परत आला.

दुसरा घाव पैशाचा. वर्षभराच्या सेवेत आणि विशेषतः दारूत घरं कर्जबाजारी होत, जमिनी जात. नव्याने आलेले प्रॉटेस्टंट प्रचारक सांगत, दारू सोडा, कोफ्रादिया सोडा, पैसा मुलांच्या शिक्षणाला लावा. हे चूक कसं म्हणणार? कर्जाच्या फाईली मीही पाहिल्या आहेत. लग्नकार्याच्या कर्जात बुडालेली माणसं मला माहीत आहेत. पण लेजरच्या एकाच बाजूला पाहून चालत नाही. ज्याच्याकडे चार पैसे जास्त आहेत त्याने ते वर्षभर गावाला खाऊ घालण्यात खर्चायचे, आणि त्याबदल्यात मान घ्यायचा, या व्यवहारामुळे गाव गाव राहिलं होतं. ते पुढच्या भयंकर दहा वर्षांत दिसलं.

ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललं. दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यात बहुसंख्य माया. ऑक्टोबर १९८० मध्ये सान्तियागोजवळ लष्कराने तळ ठोकला आणि रात्री माणसं उचलली जाऊ लागली. गावात तेव्हा स्टॅन्ली रॉदर नावाचे अमेरिकन पाद्री होते, ओक्लाहोमाच्या शेतकरी घरातले. १९६८ मध्ये आले, त्सुतुहिल भाषा शिकले, शेतात ट्रॅक्टर चालवला, दवाखाना उभा केला. गावकऱ्यांना त्यांचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी मधल्या 'फ्रान्सिस' नावाचं त्सुतुहिल रूप घेऊन त्यांना 'आप्लास' म्हटलं. भूकंपांनी मोडकळलेली चर्चची लाकडी वेदी त्यांनी गावच्याच दोन भावांकडून, दिएगो चावेस पेत्सेय आणि निकोलास चावेस सोहुएल यांच्याकडून नव्याने कोरून घेतली. त्यांनी ती डोंगराच्या आकाराची केली, तिच्यावर चढणारे कोफ्रादियाचे मानकरी कोरले, मक्याची कणसं कोरली. पाद्र्याने हरकत घेतली नाही. चारशे वर्षांत हे पहिल्यांदा झालं असावं.

जिवाला धोका म्हणून रॉदर जानेवारी १९८१ मध्ये मायदेशी गेले, पण ईस्टरच्या आठवड्याला परत आले. संकट दिसताच मेंढपाळाने पळायचं नसतं, अशा अर्थाचं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. २८ जुलै १९८१ च्या पहाटे चर्चच्या निवासात त्यांना गोळ्या घातल्या. घरच्यांनी देह ओक्लाहोमाला नेला, पण गावाने एक मागणं मागितलं. त्यांचं हृदय गावातच राहिलं, ते चर्चमध्ये ठेवलं आहे. २०१७ मध्ये पोपच्या आज्ञेने त्यांना 'धन्य' पद मिळालं.

पुढची नऊ वर्षं शेकडो माणसं मारली गेली. १ डिसेंबर १९९० च्या रात्री दारू प्यायलेल्या सैनिकांनी गावात दंगा केला आणि एकाला जखमी केलं. चर्चच्या घंटा वाजल्या. हजारो लोक जमले आणि पांढरी निशाणं घेऊन अंधारात तळाकडे चालत गेले. सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात मुलंही होती. गावाने दंगल केली नाही. एक अर्ज लिहिला, त्यावर हजारो सह्या आणि अंगठे झाले, मागणी एकच, लष्कराने जावं. आणि काही दिवसांत लष्कर गेलं! सबंध ग्वाटेमालात हे करणारं हे पहिलं गाव. जिथे गोळीबार झाला तिथे आता शांती उद्यान आहे. घरोघर फिरून अंगठे गोळा करायची शिस्त एका रात्रीत येत नाही. ती पाळीपाळीने ओझं उचलण्याच्या सवयीतून आली, असं माझं मत आहे.

ऑक्टोबर २००५ मध्ये स्टॅन वादळाच्या पावसात ज्वालामुखीच्या उताराचा चिखल सुटला आणि गावाला लागून असलेली पानाबाह वस्ती रात्रीत गाडली गेली. शेकडो माणसं गेली. मदतीला लष्कर आलं, तेव्हा लोकांनी त्यांना वस्तीत येऊ दिलं नाही. पंधरा वर्षं झाली होती, पण ते विसरले नव्हते. आपल्या फावड्यांनी खणत राहिले.

आज कोफ्रादिया कमी झाल्या आहेत. वर्षभराची जबाबदारी घ्यायला घरं सहज मिळत नाहीत. (आपल्या कमिटीच्या निवडणुकीला फॉर्म किती आले होते, ते सभासदांना ठाऊक आहेच.) तरुण मुलं पर्यटनात, कॉफीत, अमेरिकेला जाण्यात गुंतली आहेत. माशिमोनच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्याकडून थोडे पैसे घेतात, फोटोचे वेगळे. काही जुन्या माणसांना ते आवडत नाही, पण मेणबत्त्यांचा खर्च त्यातून निघतो. अजूनही दरवर्षी म्हातारा खांद्यावरून नव्या घरी जातो. त्यामुळे होडीतून उतरणाऱ्या माणसाला धक्क्यावरच्या मुलांना विचारावं लागतं, आजोबा यंदा कुणाकडे? मुलं दोन-चार पैशांच्या आशेने पुढे धावत वाट दाखवतात. गेल्या वर्षीचा पत्ता चालत नाही.